कुठला पाय

सोमवार, १५ सप्टेंबर २००३

कात्री बोथट होती. वेलिका बूट कापत होती आणि मी म्हणत होतो, कापू नकोस, ओढ, निघेल. ती म्हणाली, "बूट वाचवायचाय की पाय, एकदा ठरव." मी ठरवायच्या आत तिने घोट्यापर्यंत कापला. मोजा रक्ताने चिकटला होता. तो तिने कोमट पाण्याने सोडवला.

मिलेन, दहा वर्षांनी भावाला पत्र लिहितोय आणि सुरुवात बुटापासून होतेय. दोनदा फोन केला होता. माझा आवाज ऐकून तू ठेवलास. पत्र कदाचित वाचशील.

घाबरण्यासारखं काही नाही. काल जुन्या खाणीत चांदमारी होती, शिकारीच्या हंगामाआधीची, दरवर्षीसारखी. दगडाची कपची उडून पायाला लागली. करंगळीचं नख गेलं, तीन टाके पडले. दवाखान्यातली बाई म्हणाली, थोडक्यात निभावलं, आता तीन आठवडे पाय वर ठेवून बसा. मी बसलेला तू कधी पाहिला आहेस का?

झालं ते असं. सहा जण फळ्यांच्या डुकरासमोर रांगेत उभे होते. मी मागे टेबलापाशी वही घेऊन होतो. दोब्री तुला आठवत असेल, मधमाश्यांवाला. आता एकाहत्तरचा आहे. त्याने नेम धरला तेव्हा आमचा चिटणीस झेल्यो म्हणाला, "दोब्रीभाऊ, आधी डुकराला निरोप धाडा. पोटावर सरपटत ये म्हणावं. तरच लागेल तुमची गोळी." सगळे हसले. दोब्री स्वतःही हसला आणि त्याने दोन्ही नळ्या झाडल्या. गोळ्या नेहमीसारख्या खाली गेल्या, खडकावर. मग मी ओरडलो.

दोब्री वळला तेव्हा त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. झेल्यो म्हणाला, "खडकावरून उडाली." मी काही म्हणालो नाही.

तीन ऑक्टोबरला शिकारी मंडळाची बैठक आहे. चारला हंगाम उघडतो. दोब्रीचं काय करायचं ते बैठकीत ठरेल. नियम तुला माहीत आहे. ज्याच्या गोळीने माणूस जखमी होतो त्याला दोन हंगाम बंदूक नाही. मी अध्यक्ष आहे, मला मत द्यावं लागेल.

एवढंच कळवायचं होतं.

रांगेल


गुरुवार, १८ सप्टेंबर

सकाळी सातपासून अंगणात कुऱ्हाड चालली आहे. दोब्री आमची हिवाळ्याची लाकडं फोडतोय. काल फोडली, आज फोडतोय. मी खिडकी उघडून ओरडलो, "दोब्रीभाऊ, ठेवा ती कुऱ्हाड. माझे हात शाबूत आहेत."

"हात आहेत रे, पण उभा कशावर राहशील?"

"पोरं फोडतील कोणाची तरी."

"पोरांनी तुझा पाय नाही फोडला."

आणि पुन्हा घाव. मी खिडकी लावली. आवाज तसाच आत येतो. दुसऱ्या खोलीत गेलो, तिथेही येतो. मला चालायला मनाई आहे आणि आज मी घरात किती फेऱ्या मारल्या ते वेलिका मोजत होती.

दुपारी तिने त्याला आत बोलावलं. त्याने पोळ्यासकट मध आणला होता, पातेलंभर. जेवायला बसायच्या आधी म्हणाला, "दाखव." मी म्हणालो, काय बघायचंय त्यात. तो खाली बसला. त्याचे गुडघे वाजले. त्याने माझा पाय मांडीवर घेतला आणि पट्टीकडे बघत राहिला, जणू पट्टीतून दिसतं.

"सगळे सांगत होते, तू खाली मारतोस, डोळे तपासून घे. मी हसण्यावारी नेलं."

"होतं असं, दोब्रीभाऊ."

"चार बोटं इकडे आली असती तर? वीस बोटं वर आली असती तर? रांगेल, मला रात्रभर तेच दिसतं."

मी त्याला रस्सा वाढून घ्यायला लावला. तो जेवताना बोलत होता. दोन हंगाम म्हणजे त्याच्या वयाला कायमचेच, हे त्याला कळतं. एकोणिसाव्या वर्षापासून तो आपल्याबरोबर आहे. बायको गेल्यापासून त्याच्या आठवड्यात एकच वार उरलाय, शिकारीचा शनिवार. बाकीचे सहा दिवस तो माश्यांशी बोलतो. हे त्याने तक्रार म्हणून सांगितलं नाही. नंतर विचारलं, "मिलेन कसा आहे?" मी म्हणालो, बरा आहे.

बरा आहेस ना?

तो गेल्यावर वेलिका टेबल पुसत म्हणाली, "एकाहत्तर वर्षांचा माणूस तुझी लाकडं फोडतोय."

"मी सांगितलं नव्हतं."

"नाही. तू कुठे काय सांगतोस."

रांगेल


मंगळवार, २३ सप्टेंबर

हे पत्र तिसऱ्यांदा सुरू करतोय. पायाला खाज सुटली आहे. टाक्यांच्या आत, जिथे नख पोचत नाही तिथे. काल कुंपणापर्यंत जाऊन आलो आणि एक टाका उसवला. दवाखान्यातली बाई माझ्यावर ओरडली नाही, वेलिकावर ओरडली.

अंगणात मिरच्या भाजणं चालू आहे. धूर घरात येतो. वेलिका बाहेर बसून साली काढते आणि मी आत बसून तिची पाठ बघतो. मला मदत करू देत नाही. म्हणते, "तुझ्या हाताची चव नको यंदा."

तिने तो कापलेला बूट टाकला नाही. खिडकीत ठेवलाय, बरण्यांच्या शेजारी. मी दोनदा चुलीपर्यंत नेला. दोन्ही वेळा तिने काही न बोलता तो परत खिडकीत नेऊन ठेवला. काल तिने त्याच्या टोकावर बोट घासलं आणि ते बोट माझ्या नाकासमोर धरलं. काळं होतं.

मी म्हणालो, "चुलीची काजळी असेल."

"चूल बुटात घातली होतीस?"

"वेलिका, तुला बंदुकीतलं काय कळतं?"

"छत्तीस वर्षं तुझे कपडे धुतेय. कुठला डाग कुठून येतो ते कळतं."

मग ती मिरच्यांकडे गेली.

झेल्यो काल येऊन गेला. बैठकीचा कागद घेऊन आला होता. दोब्रीने स्वतःची बंदूक आणि परवाना दोन्ही कपाटात ठेवून किल्ली झेल्योकडे दिली आहे. कोणी मागितली नव्हती. झेल्यो म्हणाला, "म्हातारा वितळत चाललाय. मधाच्या बाटल्यांवर चिठ्ठ्याही उलट्या चिकटवतो. तू बैठकीत जरा सांभाळून बोल, रांगेल. तू जे म्हणशील तेच होणार आहे."

तू जे म्हणशील तेच. हे वाक्य बारा वर्षं ऐकतोय. मला ते आवडत आलं आहे, खोटं कशाला बोलू.

चारला तू ये. मला या पायाने डोंगर चढता येणार नाही, माझी जागा रिकामी राहील. तुझी शिक्षा केव्हाच संपली आहे, नियमाने तू येऊ शकतोस. किंवा येऊ नकोस. येऊन तुला काय दिसणार आहे? तीच खाण, तीच गिरणी. आपल्या घराच्या मागचा अक्रोड गेल्या वर्षी वाऱ्याने पडला.

रांगेल


मंगळवार, ३० सप्टेंबर

तुझं कार्ड आलं. वेलिकाने टपालवाल्याकडून घेतलं, वाचलं, माझ्यासमोर ठेवलं आणि बाहेर गेली. पुढच्या बाजूला संत्र्याची झाडं. मागे दहा वर्षांतला तुझा पहिला शब्द.

"दादा, कुठला पाय?"

सही नाही. कसा आहेस नाही. वालेन्सियात बसून तुला एवढंच विचारायचं होतं.

सकाळी मी उत्तर लिहिलं, पाय म्हणजे पाय, तुला काय करायचंय. ते चुलीत टाकलं. मग लिहिलं, उजवा. तेही टाकलं. वेलिका म्हणाली, "चूल पेटवायला लाकडं आहेत आता, भरपूर."

डावा, मिलेन.

दुसऱ्या कोणाला मला सगळं समजावून सांगावं लागलं असतं. तुला नाही, तरी लिहितो, कारण एकदा तरी ते कागदावर यायला हवं. बाबा सांगायचे, बंदुकीचं तोंड चिखलाला लागू देऊ नका, आत माती गेली तर नळी फुटेल. जमिनीवर टेकवू नका, बुटावर टेकवा. आपल्या दोघांच्या डाव्या बुटाच्या टोकावर त्यांनी चामड्याचा तुकडा शिवून दिला होता. गावातले बाकी लोक हसायचे. पण त्यांची अट होती, बंदूक मधून वाकवून उघडी हवी आणि रिकामी हवी. पुढे बूट बदलले, तुकडा मी प्रत्येक बुटावर शिवत आलो. अट मात्र कधी सुटली ते कळलं नाही. पावसात बंदूक उघडी ठेवायची नाही म्हणून एकदा मिटली असेल. मग ऊन असतानाही मिटायला लागलो.

त्या दिवशी दोब्रीनंतर माझा नंबर होता. मी आधीच भरून ठेवली, मिटली आणि बुटावर टेकवली. टेबलावर वाकलो, वहीत दोब्रीचं नाव लिहायला. पिशवीचा पट्टा चापात अडकला. दोब्रीचे दोन बार आणि माझा एक, तिन्ही एकात एक गेले. गोळी करंगळीला घासून दगडात शिरली. बुटाची कड गेली. तो दगड फुटला आणि त्याची कपची पायात बसली. खडकावरून काही उडालं नव्हतं.

त्याच्या पाव तास आधी मी सगळ्यांना नियम वाचून दाखवले होते. चौथा नियम बंदूक उघडी आणि रिकामी ठेवण्याचा आहे. तो वाचताना ती माझ्या बुटावरच होती.

आता जे लिहितो ते वेलिकालाही माहीत नाही. मी खाली पडलो होतो, पाय जळत होता, सगळे माझ्याकडे धावत होते. त्या वेळात मी बंदूक उघडली, रिकामं काडतूस काढलं आणि खिशात टाकलं. हात थरथरला नाही. झेल्यो 'खडकावरून उडाली' म्हणाला तो त्यानंतर. म्हणजे मी गप्प राहिलो हे खरं नाही. मी आधीच तयारी केली होती.

तू सांगितलं होतंस. सुक्या ओढ्याच्या हाक्यात तू हाका संपल्याचं शिंग वाजायच्या आधीच जागा सोडलीस, डुक्कर तिथूनच निसटलं आणि त्याने तोदोरची कुत्री फाडली. कोणी पाहिलं नव्हतं. सगळे समजत होते, तुझा नेम चुकला. संध्याकाळी आगीभोवती तू स्वतः उभा राहिलास आणि म्हणालास, मला थंडी वाजत होती, मी चालत होतो. तोदोर म्हणाला, जाऊ दे. बाबा म्हणाले, जाऊ दे. मी म्हणालो, दोन हंगाम. नवा अध्यक्ष होतो, भाऊ म्हणून सोडला असं कोणी म्हणू नये म्हणून. पुढच्या वर्षी बाबा ब्याऐंशीचे होते, त्यांना शिकारीत शेवटचं उभं राहायचं होतं. त्यांनी एकच मागितलं, मिलेनला शेजारच्या जागेवर ठेव, बंदूक नको, नुसता उभा राहू दे. मी नियम दाखवला. फेब्रुवारीत त्यांना पुरलं आणि मार्चमध्ये तू गेलास.

मी तुला शिक्षा केली याचं मला आजवर वाईट वाटलं नव्हतं. वाटलं असं लिहिलं तर खोटं होईल. नियम बरोबर होता. पंधरा दिवसांपासून फक्त एवढंच कळेनासं झालंय की तू उभा कसा राहिलास. पाय कसे चालले तुझे?

झेल्योचा फोन नंबर तोच आहे. तुला त्याला फोन करता येईल. तुझ्या जागी मी असतो तर केला असता.

रांगेल


बुधवार, १ ऑक्टोबर

कालचं पत्र टाकलं. पेटीपर्यंत काठी घेऊन स्वतः गेलो. परत येताना वाटलं, पेटी फोडून काढावं. टपालवाल्याची वाट बघत अर्धा तास तिथेच बसलो, तो आला आणि मी उठून घरी आलो.

फोन वाजला की मी उठतो. आज तीनदा वाजला. दोनदा वेलिकाची बहीण. एकदा कोणी बोललं नाही. तू होतास का?


शुक्रवार, ३ ऑक्टोबर, संध्याकाळी सात

आताच बैठकीहून आलो. वाचनालयाच्या खोलीत होती, बावीस जण. मी वाक्य ठरवून गेलो होतो. चारच वाक्यं होती, वाटेत घोकत होतो. खुर्चीत बसलो, काठी टेबलाला टेकवली, घसा साफ केला. तेवढ्यात दोब्री उठला.

त्याने कोट घातला होता, लग्नातला. हातात टोपी. म्हणाला, "मला चर्चा नको. चूक माझी आहे. रांगेल मला एक शब्द बोलला नाही, उलट घरात बसवून जेवू घातलं. असा माणूस मी पाहिला नाही. दोन हंगाम म्हणजे दोन हंगाम. एकच मागतो, शनिवारी आगीपाशी बसू द्या. बटाटे सोलीन."

झेल्यो चष्मा पुसायला लागला. कोणीतरी मागून म्हणालं, "सालं तरी जाड नका काढू, दोब्रीभाऊ." थोडे हसले. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मिलेन, माझी चार वाक्यं तोंडात होती. मी तोंड उघडलं आणि त्यातून पाचवंच आलं. मी म्हणालो, जखम माझी आहे, तेव्हा माफ करायचा हक्कही माझा आहे. दोन नको, एकच हंगाम. आणि आगीपाशी नाही, रान उठवणाऱ्या हाकाऱ्यांबरोबर चालू द्या, हातात काठी. म्हणजे तो आमच्यातच राहील.

त्यांनी टाळ्या वाजवल्या. उभं राहून. दोब्री टेबलाला वळसा घालून आला आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. त्याच्या कोटाला मेणाचा वास येत होता. झेल्यो माझ्या कानात म्हणाला, "भावाला दोन दिले होतेस. माणूस मऊ होतो वयाने." मी मान डोलावली. खरंच डोलावली.

घरी आलो तर वेलिका दारात.

"काय झालं?"

"माफ केलं."

"कोणी कोणाला?"

मी कोट काढला. तिने जेवण वाढलं, स्वतःचं ताट घेऊन शेजाऱ्यांकडे गेली.

मी इथे बसलोय. उठतो, खिडकीपर्यंत जातो, परत येतो. सगळं व्यवस्थित झालं आहे. दोब्री गावभर सांगतोय की मी कसा देवमाणूस आहे. आता मी काही बोललो तर त्यांना त्यांच्या टाळ्याही परत घ्याव्या लागतील. कोणाला गरज आहे त्याची? एकच हंगाम. तो बहात्तरचा होईल. ओढ्यातून काठी आपटत, आरडत चालेल, आणि त्याच्या जागेवर दुसरा कोणी उभा असेल.

पत्र बंद करत नाही. सकाळी पेटीत टाकीन.


शनिवार, ४ ऑक्टोबर

सहा वाजता सगळे गिरणीपाशी जमले. मी काठी घेऊन चालत गेलो, वेळेवर पोचलो. झेल्यो टोपीत जागांच्या चिठ्ठ्या टाकत होता. मी सांगितलं. काडतुसाचंही सांगितलं. चारपेक्षा जास्त वाक्यं झाली.

मग झेल्यो म्हणाला, "बंदूक कुठे आहे?" मी घरचं कपाट सांगितलं आणि किल्ली दिली. म्हणालो, मला दोन हंगाम. तो म्हणाला, "ते आता तू ठरवायचं नाहीस."

त्याचा जावई गाडीने जाऊन दोब्रीची बंदूक घेऊन आला. वीस मिनिटं लागली, सगळे थांबले. दोब्री माझ्याकडे पाठ करून पायरीवर बसला होता. बंदूक आल्यावर त्याने ती उघडली, नळ्यांतून आभाळाकडे पाहिलं आणि टोपीतून चिठ्ठी उचलली. सातवी जागा. माझ्या बाजूने गेला, थांबला नाही.

मी घरी आलो. वाटेत दोनदा बसलो. वेलिकाने चहा दिला आणि समोर बसून स्वतःचाही घेतला. नऊ चाळीसला वरून पहिला बार ऐकू आला. एकच. कोणाचा ते अजून कळलेलं नाही.